सतरा कूपनं

दैवशाला मावशीच्या मेसचं पुस्तक
फिक्या गुलाबी कागदाचं, साठ पानांचं.
प्रत्येक पानावर शिक्का: एक ताट, भात दोनदा.
त्याखाली काहीतरी बारीक, ते कोण वाचतं.
अठराशे रुपये. बाबांनी फोनवरून पाठवले
आणि लगेच फोन करून विचारलं, पोचले का.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला:
एक ताट म्हणजे तीस रुपये,
तीस रुपये म्हणजे तीस पानं झेरॉक्स,
म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचं एक आख्खं युनिट.
ठरवलं, साठ पानं दीड महिना पुरवायची.

वैजनाथचा मार्ग वेगळा.
त्याच्याकडं तीन सिम, आणि फोनमधलं एक ॲप
नव्या ग्राहकाला निम्म्या किमतीत पिझ्झा देणारं.
तो तीनदा नवा ग्राहक झाला,
त्याच जिन्यावर, त्याच बनियनवर.
तिन्ही वेळा डबा घेऊन तोच पोरगा आला.
तिसऱ्यांदा म्हणाला, या, नवे ग्राहक.

मुजम्मिल काहीच वाचवायचा नाही.
त्याचं पान रोज दोनदा फाटायचं,
सकाळी टर्र, रात्री टर्र.
आम्ही त्याला उधळ्या म्हणायचो.

संध्याकाळी सातला मी सायकल काढायचो,
श्यामनगरातून थेट गुरुद्वाऱ्याकडं.
चपला काढा, पाय धुवा, डोक्याला केशरी रुमाल.
पंगतीला तिथंही पंगतच म्हणतात.
रोटी घ्यायला दोन्ही हात पुढं करायचे,
हे पहिल्या दिवशी शेजारच्या ट्रक ड्रायव्हरनं
कोपरानं ढोसून शिकवलं.
कुठून आलास, किती दिवस, कुणी विचारलं नाही.
कूपन तर नाहीच नाही.
परत येताना खिशातलं पुस्तक
सकाळी होतं तेवढंच जाड लागायचं
आणि मला कुणाला तरी फसवल्यासारखं,
म्हणजे जिंकल्यासारखं वाटायचं.

तीस तारखेला रात्री
सतरा कूपनं पत्त्यांसारखी पसरली मावशीसमोर.
म्हणालो, पुढच्या महिन्यात धरा.

तिनं चष्मासुद्धा लावला नाही.
"खालचं वाचलं नाहीस व्हय?
महिना सरला की बाद.
आन् तू लंगरला जाऊलालास, ते माहीत हाय मला.
एकदा तर रुमाल बांधूनच दारावरून गेलतास."

मी कानापाशी हात नेला, उगीच.

"तू कागद वाचवलास लेकरा.
मी सतरा रात्री तुझा भात टाकलाच होता.
आधनात माप मोजून पडतं,
माणूस येणार का न्हाई ते तांदळाला कळत न्हाई.
उरलेला कुठं गेला, ते मागच्या गल्लीतल्या
म्हशीला जाऊन विचार. कशी भरलीय बघ."

मग कूपनं गोळा केली, रबर लावलं,
माझ्याच हातात ठेवली.
"न्हाई यायचं तर चारच्या आत मिसकॉल दे.
खाडा धरीन. कागदाची भाजी होत न्हाई."

ती सतरा कूपनं आता पुस्तकात खुणांना आहेत.
त्यातली सोळा एकाच धड्यात,
गेला आठवडाभर सरकलेली नाहीत.

लंगरला अजून जातो, अधूनमधून.
मागच्या रविवारी पीठ मळायला बसलो,
शेजारी एक म्हातारे बाबाजी, हात कोपरापर्यंत पांढरे.
त्यांना विचारलं,
किती माणसं येणार, कसं कळतं तुम्हाला?

ते इथलेच, बोलले आपल्यासारखंच:
"कळत नाही रे. येतात की."
आणि परातीत आणखी पाणी ओतलं.

मी घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी.
पिठाच्या बोटांनी फोन काढला,
दोन रिंग होऊ दिल्या,
कापला.